"मामा, तुम्ही शिकवता ती सी नाहीच!"

वाचकाचं पत्र, थोडक्यात : जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी २००३ पासून कॉम्प्युटर क्लास चालवतो. वय ४८. दोन खोल्या, अकरा मशीन. बारावीची, डिप्लोमाची, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची पोरं सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला येतात. निळ्या पडद्याचा टर्बो सी, म्हणजे सीचे प्रोग्राम चालवणारा जुना कंपायलर, आणि माझ्या हातच्या नोट्स, एवढ्यावर क्लास चालतो. त्या नोट्स झेरॉक्स होत होत पार शहाद्यापर्यंत गेल्या आहेत. दिवाळीत पुण्याहून भाचा आला. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि सी माझ्याच क्लासात शिकला. शेवभाजीचं ताट पुढ्यात असताना, सगळ्यांसमोर म्हणाला, "मामा, तुम्ही शिकवता ती सी नाहीच. व्हॉइड मेन चूक, कोनिओ सीमध्ये नसतंच, आणि प्लस-प्लसच्या गणितांची उत्तरं तर सगळी खोटी." तेव्हापासून झोप नाही. मी वीस वर्षं पोरांना चुकीचं शिकवलं का? पालक आता पायथन मागतात. पण पायथनला आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं स्टँडर्डच, म्हणजे ठरवून लिहिलेले अधिकृत नियमच, नाहीत असं वाचलं. जिचा नियमच पक्का नाही ती भाषा कशी शिकवू? एकदा नोट्स काढल्या की दहा वर्षं बघायला नको, अशी पक्की भाषा कोणती तेवढं सांगा. आणि क्लासचा बोर्ड याच महिन्यात पेंटरकडे द्यायचा आहे. त्यावर काय लिहू?

सर,

आधी भाच्याचा हिशेब मिटवू, कारण झोप त्याच्यामुळे उडाली आहे. पायथनचं आणि बोर्डाचं मग बघू.

तो तीन गोष्टी बोलला. एका दमात बोलला म्हणून तिन्ही तुम्हाला सारख्याच वजनाच्या वाटल्या. तशा त्या नाहीत.

कोनिओबद्दल तो सरळ बरोबर आहे. पडद्यावर मजकूर दाखवणारी प्रिंटएफ ही सीच्या स्टँडर्ड लायब्ररीतली, म्हणून ती कुठल्याही चांगल्या कंपायलरवर मिळणार. कोनिओतली कळ दाबेपर्यंत थांबणारी गेटसीएच आणि पडदा पुसायची ती ओळ या डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळातल्या, कंपायलरवाल्यांनी आपल्या गिऱ्हाइकाला दिलेल्या सोयी. आपल्याकडे जिनिंगमध्ये रुईचा भाव अजूनही खंडीवर बोलतात. खंडी म्हणजे ३५६ किलो, हे तिथल्या हमालालाही पाठ असतं. कायद्याच्या वजनमापात मात्र खंडी नाही, किलो आहे. म्हणून खंडी बोलणाऱ्याला कोणी खोटारडा म्हणत नाही. पण शाळेत गुरुजींनी फळ्यावर 'वजनाचं एकक : खंडी' असं लिहिलं तर हेडमास्तर बोलावून घेतील. तुमचं एवढंच झालंय. बाजाराची रीत तुम्ही कायदा म्हणून सांगत आलात.

व्हॉइड मेनबद्दल भाचा बरोबर आहे, पण अर्धाच. मेन म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो ती जागा. स्टँडर्डप्रमाणे मेन 'इंट', म्हणजे पूर्णांक, परत देते; 'व्हॉइड' म्हणजे काहीच परत न देणं. ज्या कंपायलरने व्हॉइड मेन चालवून घ्यायचं ठरवलं त्याच्यापुरतं ते चालतं, त्याच्या उंबऱ्याबाहेर भरवसा नाही. आता गंमत बघा. सी घडवणारे डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी ब्रायन कर्निगन यांचं १९७८ चं पुस्तक, जे पुढची दहाएक वर्षं सगळे प्रमाण मानत होते, त्यात 'व्हॉइड' हा शब्दच नाही. त्यातला पहिला प्रोग्राम म्हणजे तुम्ही-आम्ही सगळ्यांनी लिहिलेला 'हॅलो, वर्ल्ड'. मेन, पुढे रिकामा कंस, आत प्रिंटएफची एक ओळ. इंट नाही, व्हॉइड नाही, वर इन्क्लूडसुद्धा नाही. तो जसाच्या तसा जीसीसी या आजच्या कंपायलरला द्या. २०२४ मध्ये आलेल्या चौदाव्या आवृत्तीपासून तो एरर देऊन थांबतो. भाषा ज्यांनी जन्माला घातली त्यांचाच पहिला प्रोग्राम आज नापास. रिचींनी चुकीचं शिकवलं असं भाचा म्हणेल का? विचारून बघा.

आता प्लस-प्लस. इथे मला तुमचा कान धरायचा आहे, आणि थोडा भाच्याचाही.

तुम्ही नोट्सची दोन पानं सोबत पाठवलीत. पहिल्या पानावर प्रश्न आहे : आय ५ असेल तर ++आय + ++आय किती? (++ म्हणजे आधी एकाने वाढवा.) उत्तर १४, त्याखाली दोन रेघा, समासात 'परीक्षेत हमखास'. काल रात्री मी हाच प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर दोन कंपायलरांना दिला. जीसीसीने १४ सांगितलं. क्लँगने १३. मशीन तेच, प्रोग्राम तोच, चहाचा कपही तोच. एकाने आधी दोन्ही वेळा वाढवून घेतलं आणि मग सात अधिक सात केलं. दुसरा डावीकडून चालत गेला : सहा, मग सात.

यातलं बरोबर कोणतं? सीचं स्टँडर्ड म्हणतं, एकाच एक्स्प्रेशनमध्ये एकच व्हेरिएबल असं दोनदा बदललंत तर काय होईल याची आम्ही हमी घेत नाही. 'अनडिफाइन्ड बिहेविअर' हा तिथला शब्द. १४ येईल, १३ येईल, आणखी काही आलं तरी कंपायलरवाल्याकडे तक्रार नेता येणार नाही. हेच जावामध्ये विचारलंत तर उत्तर सगळीकडे १३, कारण डावीकडून उजवीकडे जायचं असं जावाच्या नियमात लिहूनच ठेवलंय. तेव्हा भाच्याला सांगा, मामाचं उत्तर खोटं नव्हतं, प्रश्नच खोटा होता. आणि तुम्ही एवढं मान्य करा की समासातलं 'हमखास' आता पुसायला हवं.

मग सीचं स्टँडर्ड ठरवणाऱ्या समितीने याचा नियम का नाही केला? हे कळलं की तुमचे उरलेले प्रश्न निम्मे होतील.

सी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत घडली. १९७३ मध्ये युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम तिच्यात लिहिली गेली. अमेरिकेच्या एएनएसआय या संस्थेने तिच्या स्टँडर्डसाठी समिती नेमली ती थेट १९८३ मध्ये, कागद हातात आला १९८९ मध्ये, आणि पुढच्या वर्षी आयएसओने तो स्वीकारला. म्हणजे सतरा वर्षं ही भाषा बिनास्टँडर्डची होती आणि तिच्यावर जग चाललं होतं. समिती बसली तेव्हा समोर कोरा कागद नव्हता. निरनिराळ्या कंपन्यांचे कंपायलर होते, प्रत्येकाची बोलण्याची ढब वेगळी, आणि त्या प्रत्येकावर लोकांनी लिहून ठेवलेल्या प्रोग्रामांचे ढीग. समितीने आपलं धोरणच नोंदवून ठेवलंय : आधी लिहिले गेलेले प्रोग्राम महत्त्वाचे, आधीचे कंपायलर नव्हेत. जिथे सगळ्यांचं जुळलं तिथे नियम झाला. जिथे यंत्रागणिक फरक पडत होता तिथे त्यांनी जाणूनबुजून जागा मोकळी सोडली आणि 'ही जागा मोकळी आहे' हेही लिहिलं. इंटचं माप घ्या. टर्बोत इंट २ बाइटचा, ३२७६७ मध्ये एक मिळवला की उणे ३२७६८ दिसतं, हे तुमच्या पोरांना झोपेतही येतं. आजच्या जीसीसीत तोच इंट ४ बाइटचा. स्टँडर्ड एवढंच म्हणतं की किमान १६ बिट, म्हणजे २ बाइट, असावा. दोघंही पास.

भांडणंही झाली. समितीने 'नोएलियस' नावाचा एक नवा शब्द घालायचं ठरवलं, तेव्हा खुद्द रिचींनी १९८८ मध्ये पत्र लिहून तो काढायला लावला. तशाच गरजेसाठी 'रिस्ट्रिक्ट' हा शब्द वेगळ्या रूपात १९९९ मध्ये आला. अकरा वर्षांनी. सोसायटीच्या मीटिंगा बऱ्या म्हणायच्या.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही न बोलता धरून चाललात, की आधी नियम होतो आणि मग भाषा. सर, तुम्ही घरी काय बोलता? अहिराणी बोलत असाल, नाहीतर लेवा बोली. 'काय करी राहिना?' असं आईने विचारलं तर तुम्ही व्याकरणाचं पुस्तक शोधायला जात नाही. तिला नियम नाहीत असंही नाही. बाहेरचा माणूस चुकीची अहिराणी बोलला की गल्लीतलं शेंबडं पोरही हसतं. पंचाईत होते ती लिहायला बसल्यावर. राहिना, राह्यना की ऱ्हायना? साक्रीचा माणूस एक लिहील, पारोळ्याचा दुसरं. समितीची आठवण तिथे येते, ओट्यावर गप्पा मारताना येत नाही.

प्रमाण मराठीचंही असंच. आजोबांची जुनी पत्रं ट्रंकेत असतील तर काढून बघा. 'नांव', 'कांहीं', 'जेव्हां', सगळीकडे अनुस्वारांचा पाऊस. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केले, १९७२ मध्ये आणखी ४ आले, आणि उच्चारात नसलेले ते अनुस्वार गेले. आजोबा अशुद्ध लिहीत होते का? त्यांच्या रिवाजाप्रमाणे शुद्धच लिहीत होते. तुमच्या मुलाने आज तसं लिहिलं तर बाई लाल गोल काढतील, आणि बाईंचंही बरोबर.

इथवर दोन्ही भाषांची वाट एक. पुढे फाटा फुटतो. आईला राहिना म्हणा की ऱ्हायना, ती समजून घेते. कंपायलर समजून घेत नाही. म्हणून प्रोग्रामिंगच्या भाषेत, जिथे दोन वेगळ्या कंपन्यांची यंत्रं आली, तिथे कधी ना कधी कागद करावा लागतो. कोबोल तर जन्मालाच त्यासाठी आली. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्राम आरसीए आणि युनिव्हॅक अशा दोन कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखवला गेला, आणि तेव्हा ते नवल होतं. तरी तिचं पहिलं अमेरिकन स्टँडर्ड १९६८ चं. माझी पहिली नोकरी कोबोलचीच, नव्वदच्या दशकात, भुसावळहून पुण्याला गेले तेव्हाची. तिथे एकदा सगळा माल एका मशीनवरून दुसऱ्या बनावटीच्या मशीनवर हलवायचा होता. स्टँडर्डमध्ये बसणाऱ्या ओळी निमूट गेल्या. आधीच्या विक्रेत्याने दिलेल्या खास सोयी जिथे जिथे वापरल्या होत्या ती पानं आम्ही तिघींनी दोन महिने बसून हाताने बदलली. कोणीतरी कधीकाळी त्या सोयीने अर्धा तास वाचवला असेल. स्टँडर्ड कशासाठी असतं ते मला त्या दोन महिन्यांत कळलं, पुस्तकातून नाही.

आधी कागद, मग भाषा, असाही एक मोठा प्रयोग झालाय. अमेरिकेच्या संरक्षण खात्यात शेकडो भाषांचा बाजार झाला होता. तेव्हा १९७० च्या दशकात त्यांनी भाषेकडून काय काय हवं ते आधी लिहून काढलं, स्पर्धा लावली आणि एक भाषा करवून घेतली, एडा. तिच्या लष्करी स्टँडर्डचा क्रमांक १८१५, कारण पहिल्या प्रोग्रामर मानल्या जाणाऱ्या एडा लव्हलेस यांचं ते जन्मवर्ष. कागद चोख, शिस्त कडक. विमानांच्या आणि रेल्वेच्या कामात ती आजही आहे. पण सर, वीस वर्षांत तुमच्याकडे किती पालकांनी एडा मागितली?

एका ठिकाणी मात्र मी पुरती तुमच्या विरोधात आहे, आणि ते भाच्याच्या लक्षातही आलेलं दिसत नाही. दुसऱ्या पानावर विद्यार्थ्याचं नाव वाचून घ्यायला तुम्ही 'गेट्स' वापरलंय. नावासाठी २० अक्षरांची जागा ठेवली आहे. कोणी ४० टाइप केली तर गेट्स थांबत नाही, शेजारच्या जागेत शिरते आणि तिथे जे असेल ते तुडवते. बांध फोडून पाणी शेजाऱ्याच्या केळीत जावं तसं. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेला मॉरिस वर्म हा आपोआप पसरणारा प्रोग्राम ज्या वाटांनी घुसला त्यातली एक हीच. तरी वर्षभराने आलेल्या स्टँडर्डने गेट्स ठेवली, कारण ती असंख्य प्रोग्रामांत होती. भाषेतून ती गेली २०११ च्या आवृत्तीत. जागेचं माप सांगावं लागतं ती 'एफगेट्स' शिकवा, आणि हे पुढच्या बॅचवर ढकलू नका. व्हॉइड मेनने कोणाचं नुकसान झालं नाही, याने होतं.

आता पायथन.

तिला आयएसओचं स्टँडर्ड नाही, हे खरं. गिडो व्हान रॉसम यांनी ती १९९१ मध्ये बाहेर आणली. बदल सुचवायचा तर 'पेप' नावाचा प्रस्ताव लिहायचा, त्यावर उघड्यावर वाद घालायचा, मग निकाल. २०१८ पर्यंत शेवटचा शब्द गिडोंचा असे. अशाच एका प्रस्तावावरच्या भांडणाला वैतागून ते बाजूला झाले, आणि २०१९ पासून निवडून आलेले पाच जण निकाल देतात. सगळे नियम भाषेच्या संदर्भ-पुस्तिकेत लिहिलेले आहेत, फुकट वाचायला मिळतात. आयएसओचा शिक्का नसला म्हणून नियम नाहीत असं होत नाही. जो मुख्य पायथन सगळे वापरतात, त्याच्याकडे बघून बाकीचे चालतात.

सवयीचा नियम कसा होतो ते पायथनमध्ये अगदी जवळून बघता येतं. डिक्शनरीत, म्हणजे नाव आणि त्याची किंमत अशा जोड्या ठेवायच्या जागेत, ज्या क्रमाने गोष्टी टाकल्या त्याच क्रमाने परत मिळतील, अशी पूर्वी हमी नव्हती. ३.६ या आवृत्तीत मेमरी वाचावी म्हणून आतली रचना बदलली आणि क्रम आपोआप टिकायला लागला. तेव्हा बजावलं गेलं की यावर विसंबू नका. लोक विसंबलेच. डिसेंबर २०१७ मध्ये गिडोंनी सांगून टाकलं की आता हाच नियम, आणि ३.७ पासून ती भाषेची हमी झाली. शेतातून लोकांनी पाडलेली पायवाट होती, ग्रामपंचायतीने तिच्यावर खडी टाकली.

याच्या उलट, पायथनवाल्यांनी एकदा रस्ताच मोडला. डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ आली आणि जुने प्रोग्राम तिच्यात सरळ चालेनात. प्रिंटला कंस लागायला लागले. ३ ला २ ने भागलं की आधी १ यायचं, आता १.५ येतं. लोकांना हलवता हलवता अकरा वर्षं गेली. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला बंद झाला. म्हणून जुन्या पुस्तकांच्या दुकानात स्वस्तात मिळालेलं पायथनचं पुस्तक आधी उघडून बघा. प्रिंटपुढे कंस नसेल तर तिथेच ठेवून द्या.

आणि शिक्का असला की सगळं शहाणं होतं असंही समजू नका. जावास्क्रिप्ट ब्रेंडन आइख यांनी १९९५ मध्ये दहा दिवसांत उभी केली, १९९७ मध्ये तिला एक्मा या संस्थेचं स्टँडर्ड मिळालं, २०१५ पासून दर वर्षी नवी आवृत्ती निघते. तिला 'नल'चा, म्हणजे 'काहीच नाही'चा, प्रकार विचारला तर ती आजही 'ऑब्जेक्ट' म्हणते. ती सुरुवातीची चूक आहे, सगळ्यांना माहीत आहे. दुरुस्त केली तर जुन्या वेबसाइट मोडतील, म्हणून चूकच नियमात बसली.

तेव्हा दहा वर्षं नोट्सकडे बघायला नको अशी भाषा मी तुम्हाला देऊ शकत नाही. त्यातल्या त्यात जवळ येते ती तुमची सीच. १९८९ च्या नियमांत नीट बसवून लिहिलेला प्रोग्राम आजही बहुतेक वेळा चालतो. पायथनची नवी आवृत्ती दर ऑक्टोबरला येते. नवशिक्याच्या नोट्सना तिचा फारसा धक्का लागत नाही, पण वर्षातून एकदा बदलांची यादी चाळायची तयारी हवी. केळीवाला दरवर्षी खोडवा ठेवायचा की नवी लागण करायची ते बघतोच ना, तेवढंच हे काम.

नोट्सचं काय करायचं ते सांगते. फेकू नका, आणि सगळ्या पुन्हा लिहायलाही बसू नका. तीन रंगांची पेनं घ्या. जे सी भाषेचंच आहे त्याला निळी खूण. जे टर्बोचं किंवा डॉसचं आहे, म्हणजे कोनिओ, गेटसीएच, ग्राफिक्स, 'फार' पॉइंटर, त्याला हिरवी. जिथे हमीच नाही तिथे लाल. माझा अंदाज, लूप, अॅरे, फंक्शन, पॉइंटर, फाइल हे बरचसं निळंच निघेल, आणि ते बघून तुम्हाला बरं वाटेल. कुठला रंग द्यायचा असा पेच पडला तर प्रोग्राम जीसीसीला द्या, 'ऑल' वॉर्निंगचा आणि 'पेडँटिक' असे दोन्ही स्विच लावून. ती तुमच्या भाच्यापेक्षा जास्त टोचून बोलते, पण तुम्ही एकटे असताना बोलते. जीसीसी फुकट आहे, तुमच्या जुन्या मशीनवरही चालेल. ज्या पोरांकडे कॉम्प्युटर नाही ती मोबाइलवरच्या ऑनलाइन कंपायलरवर काम भागवतात. शक्य असेल तिथे तोच प्रोग्राम दोन कंपायलरांवर चालवून दाखवा. १४ आणि १३ शेजारी शेजारी बघितलेलं पोर तो धडा जन्मात विसरणार नाही.

आयएसओचा छापील कागद विकत घ्यावा लागतो, आणि क्लासच्या फीमध्ये तो परवडायचा नाही. त्याची गरजही नाही. २०११ च्या सीचा जवळपास अंतिम मसुदा 'एन१५७०' या नावाने उघड उपलब्ध आहे. पहिल्यांदा वाचताना तो सात-बारापेक्षा रुक्ष वाटेल. सगळा वाचू नका. मेनपुरता वाचा, इंटच्या मापापुरता वाचा.

परीक्षेचा प्रश्न उरतो, आणि तुमच्यासारख्या बऱ्याच वाचकांचा घोळ तिथेच आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बोच असेल, पेपर काढणारे सर टर्बोवरच वाढलेले असतील, तर पोराने काय लिहायचं? माझं मत, पेपरात पेपरवाल्याला हवं ते लिहावं. ++आय + ++आय आलं तर १४ लिहावं, आणि जागा असेल तर पुढे 'टर्बो सी कंपायलरनुसार' एवढे शब्द. व्हॉइड मेनच्या जागी इंट मेन आणि शेवटी रिटर्न शून्य लिहिलं तर कोणी मार्क कापू नयेत, पण लॅबच्या सरांना आधी विचारून घ्यावं. सतरा वर्षांच्या पोराला तुमच्या वतीने परीक्षकाशी भांडायला पाठवू नका. इंटरव्ह्यूला मात्र तेच पोर 'सर, हे अनडिफाइन्ड आहे' असं म्हणालं तर समोरचा माणूस खुर्चीत सरसावून बसेल.

पायथन सुरू करा, पण सी बंद करून नको. बारावीनंतर हौसेने येणाऱ्या आणि कॉमर्सच्या मुलांना आधी पायथन द्या; चार दिवसांत काहीतरी चालताना दिसतं, पोरं टिकतात. डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगवाल्यांना सी लागणारच. दोन्ही एकाच महिन्यात एकाच पोराला देऊ नका, ते सेमिकोलन पायथनमध्ये टाकतं आणि सीमध्ये विसरतं. पालकांनी 'कोणती भाषा पक्की?' असं विचारलं तर फार व्याख्यान न देता आवृत्ती सांगा : 'पायथन ३ शिकवतो', 'सी ११ शिकवतो'. भाषेच्या नावापुढे आकडा सांगणारा मास्तर तालुक्यात दुसरा नसेल.

जुन्या विद्यार्थ्यांना पत्रं पाठवत बसू नका. जे या कामात गेले त्यांना पहिल्याच महिन्यात कळलं असणार, जे दुसऱ्या कामात गेले त्यांना कोनिओने काही त्रास दिला नाही. नव्या बॅचला पहिल्या दिवशी सांगा की मी बरीच वर्षं टर्बोची रीत आणि सीचा नियम एकत्र शिकवला, आता वेगळे करून शिकवतो. पोरांना मास्तरची अशी कबुली आवडते. ती घरी जाऊन सांगतात, हे खरं, पण सांगू देत.

भाच्याने ताटावर बसून बोलायला नको होतं, ते तुम्हाला लागलं, आणि लागणारच. पण तो पुण्यात जाऊन नियम आणि रीत यांतला फरक ओळखू शकला, कारण पॉइंटर त्याला आधी तुमच्याकडून कळला होता. त्याला एका रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्या बॅचसमोर बसवा. विषय द्या : 'टर्बोने १४ का दिलं?' 'खोटं आहे' एवढ्यावर सोडू नका, का ते समजावून सांगायला लावा. अर्ध्या तासात त्याला घाम फुटेल. मग तुम्ही मदतीला जा.

बोर्डावर सध्या 'येथे टर्बो सी, डीटीपी व टॅली शिकवले जाईल' असं आहे म्हणता. पेंटरला नवा बोर्ड सांगू नका, पैसे वाया जातील. 'टर्बो' तेवढं पुसून घ्या आणि 'सी' राहू द्या. पुसलेल्या जागेत 'पायथन ३' मावतं का ते त्याच्याकडून मोजून घ्या.